न घडलेल्या घातपाताची शिक्षा

१९४२च्या वसंतात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गावोगावी विजेच्या खांबांवर आणि दुकानांच्या भिंतींवर लष्कराच्या नोटिसा लागल्या. जपानी वंशाच्या सर्व व्यक्तींनी, मग त्या ‘परकीय असोत वा अ-परकीय’, ठरल्या दिवशी ठरल्या जागी हजर व्हायचे होते. सोबत अंथरूण-पांघरूण, कपडे, ताटली-चमचे आणि हातांनी उचलून नेता येईल तेवढेच सामान. प्रत्येक कुटुंबाला एक क्रमांक मिळाला. त्याची चिठ्ठी ट्रंकेला बांधली गेली, तशीच माणसांच्या कोटालाही. या नोटिशीतला ‘अ-परकीय’ हा शब्द कोणत्याही भाषेत कानाला खटकेल. जो परकीय नाही तो नागरिक. इंग्रजीतही त्यासाठी रोजच्या वापरातला शब्द होताच. पण तो लिहिला असता तर नोटीस पुढे सरकलीच नसती. नागरिकाला घराबाहेर काढायचे तर त्याचा गुन्हा सांगावा लागतो, आरोपपत्र द्यावे लागते, न्यायाधीशासमोर उभे करावे लागते. ‘अ-परकीया’ला यातले काहीच लागत नाही. अशा रीतीने सुमारे १ लाख २० हजार माणसे घरादारातून उठवली गेली. त्यांतली दोन-तृतीयांश अमेरिकेतच जन्मलेली, म्हणजे जन्माने अमेरिकी नागरिक होती.

ही गोष्ट सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला, देश हादरला, घाबरलेल्या सरकारने घाईत एक चूक केली आणि चाळीसेक वर्षांनी उदार मनाने माफी मागितली. या मांडणीत सगळ्यांचीच सोय आहे. दोष भीतीच्या माथी जातो आणि भीतीवर खटला भरता येत नाही. कागदपत्रे मात्र निराळे सांगतात. भीती खरी होती, पण हल्ला आणि हुकूम यांच्यात अडीच महिने गेले. त्या काळात सरकारकडे माहिती होती, सल्ला होता, दुसरे मार्गही होते. ते सारे बाजूला सारले गेले ते एका विशिष्ट तर्काच्या बळावर. तो तर्क असा की, एखाद्या समूहाविरुद्ध पुरावा सापडला तर तो पुरावा आहेच, आणि नाही सापडला तर तो त्या समूहाच्या धूर्तपणाचा पुरावा आहे. या तर्कात शिरलेल्या माणसाला निर्दोष ठरून बाहेर पडण्याचे दारच ठेवलेले नसते. काटेरी तार नंतर आली. कुंपण आधी या तर्काचे पडले होते.

हे अतिशयोक्तीने म्हटलेले नाही. पश्चिम किनाऱ्याच्या संरक्षणाची जबाबदारी असलेले लेफ्टनंट जनरल जॉन डेविट यांनी १४ फेब्रुवारी १९४२ रोजी युद्धमंत्र्यांना जी शिफारस पाठवली, तिचा आशय नेमका हाच होता. आजवर एकही घातपात झालेला नाही, ही गोष्टच चिंताजनक असून पुढे तो होणार याची खूण आहे, असे त्यांनी लिहिले. त्याच सुमारास वॉल्टर लिपमन या नामवंत स्तंभलेखकाने हीच शांतता म्हणजे योग्य वेळेची वाट पाहणारा कट असल्याचा इशारा दिला. कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे महाधिवक्ता अर्ल वॉरन यांनी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना तोच सूर लावला. हेच वॉरन पुढे सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले आणि १९५४ साली शाळांमधली वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य ठरवणारा ऐतिहासिक निकाल त्यांनीच दिला. म्हणजे हा तर्क फक्त कोत्या बुद्धीच्या माणसांना भुरळ घालतो असे समजण्याचे कारण नाही. एका सेनानीला, एका विचारवंताला आणि एका भावी न्यायमूर्तीला तो एकाच महिन्यात पटला. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९ फेब्रुवारीला अध्यादेश क्रमांक ९०६६वर सही केली. त्यात ‘जपानी’ हा शब्दही नव्हता. कोणत्याही प्रदेशातून कोणत्याही व्यक्तीला हटवण्याचा अधिकार लष्कराला दिला होता, एवढेच. कोणाला हटवायचे हे सर्वांनाच ठाऊक होते.

सरकारला खरोखर काय माहीत होते? नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात लेफ्टनंट कमांडर केनेथ रिंगल हा जपानी भाषा येणारा अधिकारी होता. लॉस एंजेलिसच्या जपानी वस्तीशी त्याचा जवळचा परिचय होता, तिथल्या जपानी वकिलातीत गुपचूप शिरून कागद तपासण्याच्या कामगिरीतही तो सामील होता. जानेवारी १९४२मध्ये त्याने कळवले की, धोकादायक ठरू शकतील अशी माणसे फार थोडी असून त्यांतली बहुतेक आधीच नोंदीवर आहेत. हा प्रश्न वंशावरून न सोडवता माणूस पाहून सोडवावा. त्याआधी, नोव्हेंबर १९४१मध्ये, अध्यक्षांसाठी गुप्त पाहणी करणाऱ्या कर्टिस मन्सन यांनी बहुसंख्य जपानी अमेरिकन एकनिष्ठ असल्याचा निर्वाळा दिला होता. एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांना कोणी नागरी हक्कांचा कैवारी म्हणणार नाही, पण सरसकट हकालपट्टीची गरज त्यांनाही दिसत नव्हती. शिवाय ज्यांच्यावर संशय होता असे हजारांहून अधिक जपानी नागरिक पर्ल हार्बरनंतरच्या पहिल्या काही दिवसांतच अटकेत गेले होते. त्यांत धर्मगुरू, भाषाशाळांचे शिक्षक, वृत्तपत्रांचे संपादक, मंडळांचे पदाधिकारी होते. केंद्र सरकारचे महाधिवक्ता फ्रान्सिस बिडल यांचाही या बेताला विरोध होता, तो अखेरीस मावळला. तेव्हा अज्ञानाची सबब इथे चालत नाही.

मग या तर्काला एवढी सुपीक जमीन मिळाली कुठून? ती आधीच्या चार दशकांत नांगरून ठेवलेली होती. आशियातून आलेल्या माणसाला अमेरिकेत नागरिकत्व मिळत नसे. १९२२ साली ताकाओ ओझावा यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने जपानी माणूस ‘गोरा’ नाही म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही असे ठरवले. तीनच महिन्यांनी भगतसिंग थिंड या पंजाबी शीख गृहस्थांनाही ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारले. ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांनी शेतजमीन विकत घेऊ नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने १९१३मध्येच केला होता. परिणामी पहिल्या पिढीतले, म्हणजे ‘इस्सेई’, भाडेपट्ट्याच्या, बहुधा कोणाला नको असलेल्या जमिनींवर राबले. रेल्वेमार्गांच्या कडेच्या, विजेच्या तारांखालच्या पट्ट्यांतही त्यांनी भाजीपाला पिकवला. १९४२ साली वॉरन यांनी समितीपुढे नकाशे मांडले आणि या जमिनी मोक्याच्या ठिकाणांना कशा खेटून आहेत ते दाखवले. वर्षानुवर्षे ज्यांना नागरिकत्व नाकारले, त्यांनी नागरिकत्व घेतले नाही म्हणून ते संशयित. ज्यांना चांगली जमीन नाकारली, ते कडेच्या जमिनीवर आहेत म्हणून संशयित. कायद्यानेच लावलेले डाग दाखवून कायद्यानेच त्यांना कलंकित ठरवले. त्यात हितसंबंधही होते. सॅलिनासच्या भाजी उत्पादकांच्या संघटनेच्या एका पदाधिकाऱ्याने तर १९४२च्या मे महिन्यात एका प्रतिष्ठित साप्ताहिकाला उघडच सांगितले की, आमच्यावर स्वार्थाचा आरोप होतो, तो खरा आहे.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, आज निवांत बसून हे बोलणे सोपे आहे. जपानी वकिलातींना हेर जमवण्याच्या सूचना देणाऱ्या सांकेतिक तारा अमेरिकेने उलगडल्या होत्या, त्यांत दुसऱ्या पिढीतल्या तरुणांचाही उल्लेख होता. हवाईतल्या नीहाऊ बेटावर कोसळलेल्या जपानी वैमानिकाला तिथल्याच एका जपानी वंशाच्या रहिवाशाने मदत केली होती. हे दोन्ही खरे आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण त्याच तारांमध्ये जपानी वंशाबाहेरच्या अमेरिकनांना हाताशी धरण्याचाही विचार होता. त्या समूहांना कोणी छावणीत धाडले नाही. नीहाऊचे उदाहरण तर उलटच सांगते. घटना हवाईतली, पर्ल हार्बर हवाईतले, पुन्हा हल्ला झालाच तर पहिला घाव हवाईवर. तिथे जपानी वंशाचे सुमारे १ लाख ५८ हजार लोक, म्हणजे लोकसंख्येच्या एक-तृतीयांशाहून जास्त होते. तिथे लष्करी कायदा लागू झाला, तो सर्वांनाच जाचला. पण स्थानबद्ध झाले दोन हजारांहून कमी. तिथले सेनानी डेलॉस एमन्स यांनी सरसकट हकालपट्टी टाळली, कारण गोदी, मळे आणि बांधकामे या माणसांशिवाय चाललीच नसती. जिथे धोका सर्वांत जवळ होता तिथे जपानी माणूस गरजेचा होता म्हणून तो घरी राहिला. धोक्यापासून चार हजार किलोमीटर दूर तो नकोसा होता म्हणून तो छावणीत गेला. सुरक्षितता हेच कारण असते तर याच्या नेमके उलटे घडायला हवे होते.

दुसरा आक्षेप वेळेचा. एकेकाची चौकशी करायला सवड कुठे होती? सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँक मर्फी यांनी याला १९४४ सालीच उत्तर दिले होते. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनने खास न्यायमंडळे नेमून सहा महिन्यांत सुमारे ७४ हजार जर्मन आणि ऑस्ट्रियन रहिवाशांची एकेक करून तपासणी केली आणि त्यांतल्या ६४ हजारांना मोकळे सोडले, याकडे त्यांनी बोट दाखवले. पुढे १९४०च्या उन्हाळ्यात, फ्रान्स पडल्यावर, ब्रिटनचाही तोल गेला आणि त्यानेही हजारोंना सरसकट डांबले, हे खरे. पण चौकशी अशक्य नसते, एवढे तर सिद्ध झालेच होते. खुद्द अमेरिकेतही जर्मन आणि इटालियन वंशाच्या माणसांच्या बाबतीत मुख्यतः माणूस पाहूनच निर्णय झाले. आणि घाई म्हणावी तर किनारा रिकामा करायला १९४२चा बहुतेक काळ लागला. मुलाबाळांसह माणसे आधी सांता अनिता आणि टॅनफोरान इथल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानांवर, घाईने चुना फासलेल्या तबेल्यांत ठेवली गेली. मग मान्झनार, टुली लेक, पोस्टन, हार्ट माउंटन, टोपाझ अशा वाळवंटी किंवा निर्जन भागांतल्या दहा छावण्यांत. मान्झनारला तर अनाथालयच उभारले. किनाऱ्यावरच्या अनाथाश्रमांतली जपानी वंशाची बालकेही तिथे आणण्यात आली. लहानग्या अनाथाची निष्ठा तपासायला सवड नव्हती, असे म्हणणाऱ्याने आधी त्या बालकाच्या हातून कोणता घातपात होणार होता ते सांगावे.

आत गेल्यावर तरी सुटकेची वाट असावी? १९४३च्या आरंभी छावण्यांतल्या प्रौढांना एक प्रश्नावली भरायला दिली. सत्ताविसावा प्रश्न लष्करात कुठेही लढायला तयार आहात का, असा होता. अठ्ठाविसाव्यात अमेरिकेशी विनाअट निष्ठा आणि जपानच्या सम्राटावरील निष्ठेचा त्याग यांची शपथ होती. वरवर हे प्रश्न साधे दिसतात. पण अमेरिकेने नागरिकत्व नाकारलेल्या इस्सेईने जपानशी नाते तोडले तर तो कोणत्याच देशाचा उरत नव्हता. त्यांच्यासाठी पुढे शब्द बदलावे लागले. अमेरिकेत जन्मलेल्या ‘निसेई’ मुलापुढचा पेच वेगळा होता. सम्राटावरची निष्ठा सोडतो म्हणायचे तर ती कधीकाळी होती असे कबूल करायचे. तारेच्या आत बसलेल्या माणसाला तू आमच्यासाठी मरशील का असे विचारणे, ही परीक्षा घेणाऱ्याचीच परीक्षा होती. ज्यांनी दोन्हींना ‘नाही’ लिहिले ते बेइमान ठरून टुली लेकला रवाना झाले. त्या ‘नाही’मागे राग होता, म्हाताऱ्या आईवडिलांपासून ताटातूट होण्याची धास्ती होती, स्वाभिमानही होता. उत्तरपत्रिकेत या कशालाही रकाना नव्हता.

लढायला गेलेल्या निसेईंचे काय झाले हे आता सर्वांना माहीत आहे. त्यांची ४४२वी रेजिमेंटल कॉम्बॅट टीम आणि १००वी बटालियन इटलीत, फ्रान्समध्ये लढली आणि अमेरिकी सैन्यातल्या सर्वाधिक सन्मानित तुकड्यांत गणली गेली. ऑक्टोबर १९४४मध्ये वोझ पर्वतात वेढ्यात सापडलेल्या टेक्सासच्या दोनशेहून अधिक सैनिकांना सोडवताना त्यांनी स्वतःचे शेकडो जवान गमावले किंवा जायबंदी करून घेतले. ही शौर्यगाथा खरी आहे; तिचा उपयोग मात्र जपून करायला हवा. रक्त सांडून निष्ठा सिद्ध केली म्हणून त्यांच्यावरचा अन्याय अन्याय ठरतो, असे म्हटले की संशयितानेच आपले निर्दोषत्व सिद्ध करावे हा मूळ तर्क आपण मान्य करून बसतो. हार्ट माउंटनच्या ६३ तरुणांनी नेमके तेच नाकारले. आधी आमचे नागरिकत्वाचे हक्क परत करा, आमच्या कुटुंबांना सोडा, मग सक्तीच्या भरतीला येतो, असे ते म्हणाले. त्यांना १९४४ साली तुरुंगवास झाला. १९४७मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी त्यांना क्षमा केली; त्यांच्याच समाजाला त्यांच्याकडे आदराने पाहायला आणखी कित्येक दशके लागली. सैनिकाने अमेरिकेला दिलेले प्राण आणि या तरुणांनी अमेरिकेला विचारलेला प्रश्न, दोन्ही निष्ठेचीच रूपे होती.

न्यायालयाने काय केले? गॉर्डन हिराबायाशी या विद्यार्थ्याने संचारबंदी मोडली आणि हजर व्हायला नकार दिला. १९४३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याची शिक्षा कायम केली. ओकलंडचा वेल्डर फ्रेड कोरेमात्सू घर सोडून गेला नाही, पकडला गेला. १८ डिसेंबर १९४४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी तोही हरला. त्याच दिवशी छावणीत डांबलेली मित्सुये एंडो मात्र जिंकली. निष्ठावान ठरलेल्या नागरिकाला डांबून ठेवण्याचा छावणीच्या यंत्रणेला अधिकार नाही, असे न्यायालय म्हणाले. किनाऱ्याकडे परतणार नसशील तर सोडतो, असे सरकारने तिला आधी सांगून पाहिले होते. खटला निकाली निघू नये म्हणून ती छावणीतच राहिली. कोरेमात्सूच्या निकालावर असहमती नोंदवताना न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी बजावले की, लष्कराचा हुकूम येतो आणि जातो, पण न्यायालयाने त्यावर शिक्का मारला की ते तत्त्व भरलेल्या बंदुकीसारखे पुढच्या कोणाच्याही हाताशी पडून राहते. न्यायाधीशांना ठाऊक नव्हते ते निराळेच. डेविट यांनी या हकालपट्टीवर लिहिलेल्या अहवालाच्या मूळ छापील प्रतीत प्रश्न वेळेचा नव्हताच, या लोकांत निष्ठावान आणि बेइमान असा भेद करणेच अशक्य, असे म्हटले होते. न्यायालयात हे टिकणार नाही म्हणून युद्धखात्याने मजकूर बदलला आणि जुन्या प्रती जाळल्या. किनाऱ्यावरून जपानी जहाजांना संकेत जातात, हा अहवालातला आरोप एफबीआय आणि दळणवळण आयोग यांनी खोडून काढल्याचे न्यायखात्याच्या वकिलांना कळले होते. पण न्यायालयाला ते स्पष्ट सांगणारा मजकूर त्यांच्या तळटिपेतून वगळला गेला.

याच टप्प्यावर तिसरा आक्षेप येतो: अखेर लोकशाहीने आपली चूक सुधारलीच ना? सुधारली, हे मान्य करायला हवे आणि त्याचे मोलही कमी लेखू नये. १९८० साली काँग्रेसने आयोग नेमला. ७५०हून अधिक साक्षी झाल्या. वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश ही कारणे असल्याचा, लष्करी गरज नसल्याचा निष्कर्ष निघाला. १० ऑगस्ट १९८८ रोजी अध्यक्ष रेगन यांनी माफीच्या आणि प्रत्येकी २० हजार डॉलर भरपाईच्या कायद्यावर सही केली. कॅनडाने त्याच वर्षी तसेच केले. तिथे तर सुमारे २२ हजार लोकांची घरे-बोटी सरकारने परस्पर विकल्या होत्या आणि १९४९पर्यंत त्यांना किनाऱ्यावर परतू दिले नव्हते. पण हे आपोआप घडले नाही. जाळण्यातून वाचलेली डेविट अहवालाची एक मूळ प्रत ऐको हर्झिग-योशिनागा या बाईंना १९८२ साली राष्ट्रीय अभिलेखागारात सापडली. त्या स्वतः तरुणपणी मान्झनारच्या छावणीत होत्या. वकिलांनी दडपलेल्या गोष्टींचे कागद इतिहासकार पीटर आयरन्स यांनी शोधले. त्यांच्या जोरावर १९८३मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी कोरेमात्सूची शिक्षा रद्द केली. भरपाई मिळाली ती ८२,२१९ जणांना. ज्यांची शेते, दुकाने आणि उमेदीची वर्षे गेली त्या इस्सेईंतले बहुतेक तोवर हयात नव्हते. आणि जॅक्सन यांनी सांगितलेली ती भरलेली बंदूक? २०१८ साली काही मुस्लिमबहुल देशांतल्या नागरिकांवरील प्रवेशबंदी वैध ठरवताना सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी कोरेमात्सूचा निकाल पहिल्या दिवसापासून चूक होता असे जाहीर केले. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी त्याच दिवशी असहमतीत लिहिले की, जुन्या निकालाची जागा तशाच तर्काच्या नव्या निकालाने घेतली आहे.

हा दूरदेशीचा इतिहास म्हणून मिटून ठेवता येत नाही, कारण या गोष्टीची एक शाखा आपल्याकडे आहे. १९४१-४२मध्ये ब्रिटिशांनी मलाया-सिंगापूर भागातल्या दोन हजारांहून अधिक जपानी नागरिकांना कुटुंबांसह दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात तंबूंत ठेवले आणि पुढे राजस्थानातल्या देवली छावणीत हलवले. ही तीच देवली, जिथे थोडे आधी श्रीपाद अमृत डांगे, बी. टी. रणदिवे, जयप्रकाश नारायण स्थानबद्ध होते. वीस वर्षांनी, १९६२च्या चीन युद्धात, स्वतंत्र भारताने तिचे दार पुन्हा उघडले. आसामातल्या माकूमपासून दार्जिलिंग-शिलाँगपर्यंतची चिनी वंशाची सुमारे तीन हजार माणसे रेल्वेने तिथे आणली गेली. अनेकांचे पूर्वज पिढ्यांपूर्वी चहामळ्यांवर आले होते, अनेकांना चिनी लिहिता-वाचताही येत नव्हते. त्यासाठी वटहुकूम काढून अशा वंशाच्या माणसाला, तो नागरिक असला तरी, परकीयांचा कायदा लावायची सोय केली गेली. म्हणजे १९४२च्या नोटिशीतला ‘अ-परकीय’ आपल्या कायद्यात सरळ ‘परकीय’ झाला. युद्ध महिनाभरात संपले. छावणीतले शेवटचे लोक सुटायला १९६७ उजाडले. दरम्यान अनेकांची मालमत्ता लिलावात गेली, अनेकांना त्यांनी कधी न पाहिलेल्या चीनला पाठवले गेले. रीटा चौधरी यांची ‘माकाम’ ही असमिया कादंबरी आणि जॉय मा व दिलीप डिसूझा यांचे पुस्तक आले नसते, तर आपल्याला हे ठाऊकही झाले नसते. आयोग नेमला गेला नाही, माफीही मागितली गेली नाही.

मराठीत ‘स्थानबद्धता’ हा शब्द स्वातंत्र्यलढ्यामुळे आणि आणीबाणीमुळे आपल्या परिचयाचा आहे. कितीही जुलमी असला तरी स्थानबद्धतेच्या आदेशावर एका माणसाचे नाव लिहावे लागते. त्या नावाचा माणूस, त्याची बायको, त्याचा वकील ‘का?’ असे विचारू शकतो. १९४२च्या नोटिशीवर नाव नव्हते, फक्त वंश होता. वंशाला वकील देता येत नाही, वंशाची उलटतपासणी होत नाही आणि वंश निर्दोष सुटत नाही. म्हणून संकटकाळी सरकारने कठोर होऊ नये असा आग्रह धरण्याची गरज नाही. आग्रह एवढाच धरायचा की, कठोर व्हायचे तर आदेशावर नाव लिहा आणि त्या नावापुढे कारण लिहा. कारण सापडत नसेल, तर ‘काही घडलेले नाही’ याचा अर्थ काही घडलेले नाही एवढाच घ्या.